मातीकामापासून गोदीपर्यंत : वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन हुमड समाजातले. व्यापाराच्या निमित्ताने ते दख्खनेत उतरले आणि सोलापूरचेच होऊन गेले. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार व सावकारी होती, पण त्यांचे लक्ष पेढीपुरते नव्हते. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनी 1880 च्या दशकात सोलापुरातून सुरू केले. समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या. शहरातले हिराचंद नेमचंद वाचनालय आजही त्यांचे नाव सांगते.

त्या काळचे सोलापूर वेगाने बदलत होते. 1860 मध्ये इथवर रेल्वे आली आणि 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. बाजारात मराठीच्या जोडीला कानडी आणि तेलुगू कानांवर पडे, व्यापाऱ्यांच्या घरांत गुजराती आणि मारवाडी. कापूस, ज्वारी आणि सूत यांच्या उलाढालीत वाढलेल्या मुलाने पेढीच सांभाळावी, ही अपेक्षा साहजिक होती. वालचंदांचे कॉलेज शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले, पण पदवी पदरात पडण्याआधीच ते घरच्या धंद्यात परतले. तिथे त्यांचे मन रमले नाही.

वाट दाखवली ती लक्ष्मण बळवंत फाटक यांनी. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि तिथली कामे कशी निघतात, दर कसे ठरतात, बिले कशी मंजूर होतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्याकडे भांडवल नव्हते, वालचंदांकडे अनुभव नव्हता. 1903 च्या सुमारास दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या सुमारे सात मैलांच्या पट्ट्याचे काम घेतले. ‘फाटक-वालचंद’ ही जोडी त्या कामावर उभी राहिली. वालचंदांचे चरित्र लिहिताना फाटकांना दोन ओळींत वाटेला लावण्याची पद्धत पडली आहे. ते न्याय्य नाही. सावकाराच्या मुलाला कंत्राटदार बनवणारा माणूस तोच होता.

बार्शी लाइट रेल्वेची ही लाइन सोलापूर जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा खुला झाला. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. कॅल्थ्रॉपचे म्हणणे असे की प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवला तर हलके रूळ पुरतात, भराव कमी लागतो आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. 1906 मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांचे हाल काही अंशी कमी झाले. 1911 मध्ये ती लातूरला गेली. येडशीच्या बाजूला बालाघाटाचे उतार आहेत. अशा जागी रेल्वे बांधणे म्हणजे मुख्यतः मातीकाम: टेकाड फोडायचे, खोलगट भाग भरून काढायचा, ओढ्यांवर मोऱ्या बांधायच्या, मग खडी आणि रूळ. कामाची मोजणी ब्रासमध्ये होई. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पाया उकरला की खालून मुरूम निघतो की काळा पाषाण, यावर नफा-तोटा ठरे. कंत्राटदाराला आधी पदरचे पैसे घालावे लागत, मजुरांना आठवड्याच्या आठवड्याला रोकड द्यावी लागे आणि बिल मात्र साहेबाने मोजमाप घेतल्यावर निघे. हाती पैसा नसताना काम सुरू ठेवायचे आणि शब्द दिलेल्या तारखेला पुरे करायचे, ही शिस्त वालचंदांनी इथे अंगी बाणवली. पुढे त्यांनी जे धाडस केले, त्याचे मूळ या सात मैलांत शोधावे लागते.

त्यानंतर रेल्वेची कामे येत गेली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामेही मिळाली. मोठी कामे तेव्हा विलायती कंपन्यांकडे जात. हिंदी कंत्राटदाराला त्यांच्या हाताखाली पोटकंत्राट मिळाले तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. एवढ्यावर समाधान मानणे वालचंदांच्या स्वभावात नव्हते. 1920 मध्ये टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि 1926 मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. टाटा पुढे बाहेर पडले व 1935 मध्ये पहिल्या कंपनीचे नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारे मोठे नळ, सिंधू नदीवरचा काळाबागचा पूल आणि ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल ही या कंपन्यांनी केलेली कामे.

त्यांत भोर घाटाच्या बोगद्यांचे मोल वेगळे. 1863 पासून मुंबई-पुणे गाड्यांना घाटात उलट फिरण्याच्या स्थानकावर थांबावे लागे. एका टोकाचे इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी विरुद्ध दिशेने पुढचा चढ चढे. त्यात वेळ जाई आणि गाडीची लांबीही मर्यादित राही. कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आणायची ठरल्यावर हा अडथळा काढणे भागच होते. सह्याद्रीच्या कातळात सुरुंग लावून, पावसाळ्याचे पाणी उपसत, चालू मार्गाशेजारी नवे बोगदे काढले गेले आणि 1929 मध्ये ते स्थानक बंद झाले. हिंदी कंपनीला एवढे जोखमीचे काम झेपणार नाही, या समजुतीला त्याने मोठा तडा गेला. पुण्याहून मुंबईला जाणारा प्रवासी आजही या घाटातून जातो. तो कोणी फोडला, हे त्याला सांगणारी पाटी असायला हरकत नाही.

जहाजांच्या धंद्यातही वालचंद हिंदी कंपनीला हे झेपेल, याच हिशेबाने उतरले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने महायुद्धासाठी एक जुनी आगबोट विकत घेतली होती. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने पॅसिफिक महासागरात धावलेल्या या बोटीचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवून युद्धात तिचे तरंगते रुग्णालय केले गेले. युद्ध संपल्यावर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ती घेतली व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट म्हातारी होती आणि 1923 मध्ये मोडीत निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून नव्या कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच वर्षी सिंदियाला जाचक अटींचा दहा वर्षांचा करार करावा लागला. वालचंद हटले नाहीत. 1929 ते 1950 ते कंपनीचे अध्यक्ष होते.

वस्ती उभारण्याची त्यांची हातोटी सगळ्यांत स्पष्ट दिसते ती इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावी. नीरा नदी आणि तिचा कालवा यांच्या आधाराने तिथे उसाची शेती उभी राहिली आणि 1930 च्या दशकात साखर कारखाना निघाला. कामगारांसाठी घरे, शाळा आणि दवाखाना आला, ऊस ओढायला खासगी रूळगाडी आली. या वसाहतीचे वालचंदनगर झाले. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावलाही असाच कारखाना निघाला आणि त्याच्या गोळ्या मराठी मुलांच्या खिशात पोहोचल्या. या यशाची दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे. खासगी कारखान्यांच्या शेतीत खंडाने घेतलेल्या जमिनी होत्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांकडची शेती राज्याच्या शेती महामंडळाकडे गेली आणि खंडकरी शेतकऱ्यांना आपली जमीन परत मिळवण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. वालचंदनगरच्या परिसराने रोजगार पाहिला, तसे हे दुखणेही पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात तीन मोठे उपक्रम एकामागून एक आले. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने, अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांना बरोबर घेऊन, डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सिंदियाच्या गोदीचा पाया घातला गेला. 6 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले, काम रखडले, तरी गोदी पुरी झाली आणि मार्च 1948 मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली व तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. विमान, जहाज, मोटार ही नावे ऐकताना डोळे दिपतात, पण तिन्ही ठिकाणी सुरुवात मोकळ्या जमिनीवर शेड, धक्के आणि रस्ते बांधण्यापासून झाली, आणि त्यात वालचंद मुरलेले होते.

1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. उद्योगांचा भार गुलाबचंद आणि लालचंद या भावांकडे गेला. बंगळूरचा कारखाना आज हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणून ओळखला जातो आणि विशाखापट्टणमची गोदी 1952 पासून हिंदुस्तान शिपयार्ड आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांच्या यंत्रांबरोबर इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होतात. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनने 2009 मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला.

शिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव मृत्यूनंतर रुजले. धोंडुमामा साठे यांनी 1947 मध्ये सांगलीला काढलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 मध्ये, वालचंदांच्या नावच्या न्यासाकडून देणगी मिळाल्यावर, वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग हे नाव मिळाले. सोलापुरात वालचंद महाविद्यालय 1962 मध्ये आणि वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 मध्ये सुरू झाले. श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा ही संस्था ती दोन्ही चालवते. सांगलीत आणि सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकी शिकून बाहेर पडणारी मुले रस्ते, पूल आणि धरणांच्या कामांवर रुजू होतात.