फोनच्या मिनिटाची किंमत कोण ठरवतो?



खताच्या पोत्याची किंमत, विजेचा दर, दुधाचा भाव या गोष्टींवर आपल्या पारावर रोज बोलणे होते. पण घरात खर्चाची आणखी एक बाब गुपचूप शिरली आहे. ती म्हणजे मोबाइलचे रिचार्ज. घरात चार माणसे, चार फोन. प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी संपते. वर्षाचा हिशेब मांडून बघा, एखाद्या एकराच्या बियाण्याएवढा आकडा निघेल. गावोगावच्या बैठकांत भगिनी मला हमखास विचारतात, "साहेब, आमच्या सासूबाईंचा फोन नुसता येण्यापुरता आहे. त्या कुणाला लावत नाहीत. तरी दर महिन्याला पैसे का भरायचे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर फोनच्या दुकानात मिळत नाही, ते दिल्लीत मिळते. तेथे कंपन्या, त्यांचे सल्लागार आणि सरकारने नेमलेले प्राधिकरण यांच्यात मिनिटाच्या खर्चावरून वर्षानुवर्षे वाद चालला. तो वाद आपण समजून घेऊ. अवघड नाही. ज्याने पिकाचा उत्पादन खर्च मांडला आहे त्याला तो लवकर कळेल.

पंच कोण?

आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. त्या काळी फोन करणाऱ्यालाही पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. खासगी कंपन्या या धंद्यात आल्या तेव्हा सरकार स्वतःही फोनसेवा चालवत होते. खेळाडू आणि पंच एकच असून चालत नाही. म्हणून १९९७ साली कायदा करून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. त्यालाच आपण 'ट्राय' म्हणतो. पुढे २००० साली तंटे सोडवण्यासाठी वेगळे न्यायाधिकरणही नेमले गेले.

बाजार समितीत जसे वजनकाटा, अडत आणि लिलावाचे नियम असतात, तसे फोनच्या बाजारात ट्रायचे नियम असतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्या रिचार्जची रक्कम ट्राय ठरवत नाही. मोबाइलचे दर कंपन्या स्वतः ठरवतात आणि ट्रायला कळवतात. ट्रायने ज्या दरावर बोट ठेवले तो दुसराच आहे. तो ग्राहकाला दिसत नाही, पण सगळा हिशेब त्यावरून फिरतो.

दुसऱ्याच्या वावरातली वाट

समजा तुमचा फोन एका कंपनीचा आणि तुमच्या मेहुण्याचा दुसऱ्या कंपनीचा. तुम्ही त्यांना फोन लावला. तुमची कंपनी तो फोन दुसऱ्या कंपनीच्या हद्दीपर्यंत नेऊन पोचवते. तेथून पुढे मेहुण्यांपर्यंत नेण्याचे काम त्यांच्याच कंपनीचे. त्यांच्यापर्यंत जायला दुसरी वाट नाही. शेतात जाण्यासाठी शेजाऱ्याच्या वावरातून एकच गाडीवाट असावी, तसे हे आहे. वाटेचा मालक म्हणेल ती रक्कम द्यावी लागेल, किंवा तो वाट अडवेल. म्हणून या वाटेचा दर पंचाने ठरवावा लागतो.

२००३ साली येणारा फोन मोफत झाला आणि करणाऱ्यानेच पैसे द्यावेत असे ठरले. त्याबरोबर हा वाटेचा दरही सुरू झाला. २००४ पासून तो मिनिटाला ३० पैसे होता, २००९ पासून २० पैसे आणि २०१५ पासून मोबाइल ते मोबाइल १४ पैसे. १ ऑक्टोबर २०१७ पासून तो ६ पैशांवर आला. १ जानेवारी २०२० पासून शून्य करायचे ठरले होते. ते वर्षभर पुढे ढकलून १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला.

आता विचारा, एकाच कामाचा खर्च ३० पैसे कसा आणि शून्य कसा?

खर्च एक, मांडण्या अनेक

हा प्रश्न शेतकऱ्याला नवा नाही. हमीभावासाठी पिकाचा खर्च मांडतात तेव्हा तीन आकडे निघतात. बियाणे, खत, मजुरी असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे 'ए-२'. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की 'ए-२ अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की 'सी-२'. २०१८-१९ पासून सरकार दुसऱ्या आकड्याच्या दीडपट भाव धरते, शेतकरी संघटना तिसरा धरा म्हणतात. कापूस तोच, शेत तेच, आकडे तीन. कोणता खर्च धरायचा यावर भाव ठरतो.

फोनचेही तसेच आहे. एक साधे उदाहरण घेऊ. समजा तुम्ही नदीवरून पाइपलाइन आणून दहा एकर भिजवता. पाइप आणि मोटारीचा घसारा व व्याज मिळून वर्षाला २० हजार, विजेचे १० हजार. एकूण ३० हजार, म्हणजे एकरी ३ हजार. आता शेजारी म्हणाला, माझ्या एका एकराला पाणी द्या. पाइपलाइनमध्ये तेवढी जागा आहे. त्याच्यामुळे वाढणारा खर्च फक्त विजेचा, १ हजार. त्याच्याकडून ३ हजार घ्यावेत की १ हजार?

तुम्ही म्हणाल, पाइपलाइन मी कर्ज काढून टाकली, त्याने वाटा उचलावा. शेजारी म्हणेल, पाइप तुम्ही तुमच्यासाठीच टाकली, माझ्यामुळे वाढले तेवढेच द्यायला मी बांधील आहे. दोघांचेही हिशेब बरोबर आहेत. पहिल्या रीतीत सगळा खर्च सगळ्यांवर वाटला जातो. दुसऱ्या रीतीत फक्त वाढीव खर्च धरला जातो.

ट्रायने २०१७ साली दुसऱ्या रीतीचा काटेकोर प्रकार धरला आणि ६ पैसे काढले. दुसऱ्या कंपनीचे फोन आले नसते तर जो खर्च वाचला असता, तेवढाच मोजला. सगळ्यांच्या सामाईक कामाचा खर्च बाजूला ठेवला. जुन्या कंपन्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्याकडे बाहेरून येणारे फोन पुष्कळ होते आणि त्यावर त्यांना उत्पन्न होते. नव्याने आलेल्या जिओचे ग्राहक बाहेर फोन जास्त करत, म्हणून तिला द्यावे लागे जास्त. तिचे म्हणणे दर शून्य करा. प्रत्येकाने आपापल्या सोयीची मांडणी पुढे केली.

सल्लागारांचा धंदा

अशा वादात कंपन्या स्वतः आकडेमोड करत बसत नाहीत. त्यासाठी सल्लागार संस्था असतात. त्यांत अर्थशास्त्री, अभियंते आणि वकील असतात. किती मनोरे लागतील, एका मनोऱ्यावर गर्दीच्या वेळी किती फोन चालतील, यंत्र किती वर्षे टिकेल, भांडवलावर व्याज किती धरायचे, असा सगळा तक्ता ते मांडतात. हे काम जगभर चालते. कंपन्याही सल्लागार नेमतात आणि अनेक देशांची नियामक प्राधिकरणेही.

त्या तक्त्यात लबाडीच असते असे नव्हे. पण यंत्राचे आयुष्य दहा वर्षांऐवजी सात धरले, व्याज दोन टक्के वाढवले, की आकडा बदलतो. म्हणून कोणताही खर्चाचा आकडा पुढे आला की दोन प्रश्न विचारावेत. यात काय धरले आणि काय सोडले? हा तक्ता कोणाच्या पैशाने झाला? खताच्या कंपनीचा माणूस एकरी उत्पन्नाचा आकडा सांगतो तेव्हा आपण हेच विचारतो ना?

स्वस्ताई आणि मग?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू केली आणि पहिले काही महिने ती फुकट दिली. त्यानंतर बाजाराचे चित्र पालटले. एके काळी एकेका विभागात दहाच्या वर कंपन्या होत्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. पुढे काही कंपन्या बंद पडल्या, काही विकल्या गेल्या. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज मुख्यतः तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले आहे.

खर्चाखाली विकून दुसऱ्याला बाजारातून उठवणे याला स्पर्धा कायद्याने बंदी आहे. पण ती बाजारात आधीच वरचढ असलेल्याला लागू होते. जिओविरुद्ध एअरटेलने केलेली तक्रार स्पर्धा आयोगाने २०१७ साली फेटाळली. नव्याने आलेली कंपनी वरचढ म्हणता येत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. दुसरीकडे, जिओच्या ग्राहकांचे फोन जोडायला पुरेशा वाटा दिल्या नाहीत म्हणून ट्रायने २०१६ साली तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली होती. म्हणजे आरोप दोन्ही बाजूंनी होते.

ग्राहकाचे काय झाले? बोलणे खूप स्वस्त झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कांद्याच्या लिलावाला दहा व्यापारी असले आणि तीनच असले, यातला फरक तुम्हाला सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले.

सासूबाईंच्या फोनचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वी सासूबाईंना फोन आला की त्यांच्या कंपनीला समोरच्या कंपनीकडून मिनिटाला २० पैसे मिळत. नुसता येणारा फोनसुद्धा कंपनीला उत्पन्न देत होता. वाटेचा दर उतरला तसे ते उत्पन्न आटले. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी फोन चालू ठेवण्यासाठी किमान रिचार्ज सुरू केले. तेच एकमेव कारण होते असे नाही, पण हिशेब या बाजूला झुकला हे खरे. जास्त बोलणाऱ्याचा फायदा झाला आणि कमी बोलणाऱ्यावर बोजा आला.

ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये यावर थोडा उपाय केला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे रिचार्ज ठेवावे, असे कंपन्यांना बंधन घातले. तेव्हा घरोघरी पुढील गोष्टी कराव्यात.

१. साधा फोन असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी दुकानदाराला 'फक्त बोलण्याचे रिचार्ज' स्पष्ट शब्दांत मागावे. तो आपणहून सांगेलच असे नाही.

२. २८ दिवसांचे रिचार्ज वर्षातून १३ वेळा करावे लागते. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचे आणि दरमहा त्याच तारखेचे रिचार्जही ठेवावे, असा ट्रायचा २०२२ चा आदेश आहे. दोन्हींचा रोजचा खर्च काढून मगच पैसे द्यावेत.

३. रेंज मिळत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून, पुढे आपला नंबर घालून १९०० वर संदेश पाठवावा. त्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत. आधी शेजाऱ्यांकडे त्या कंपनीची रेंज आपल्या वस्तीवर येते का ते पाहावे.

४. तक्रार आधी कंपनीकडे करावी आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. निकाल न पटल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. एकट्यादुकट्याची तक्रार ट्राय घेत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तसा निर्वाळा दिला आहे.

५. नवा नियम करण्यापूर्वी ट्राय विचारविनिमयाचा मसुदा काढते आणि लोकांचे म्हणणे मागवते. कंपन्या जाड अहवाल धाडतात. खेड्यातून पत्र जाते का? ग्रामपंचायत, दूध संस्था किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत गावातील शिकलेल्या मुलामुलींकडून मसुदा समजून घ्यावा आणि गावाचे म्हणणे दोन पानांत कळवावे. आमच्या वस्तीवर किती फोन आहेत, किती नुसते येण्यापुरते आहेत, वर्षाला किती पैसे जातात, एवढे आकडे दिले तरी पुष्कळ.

सल्लागार नेमण्याची आपली ऐपत नाही. पण आपल्या घरचा खर्च आपल्याइतका कोणालाच ठाऊक नाही. तो वहीत मांडा आणि गावाच्या पत्रातून दिल्लीपर्यंत पोचवा.