शिकवणी आईची, पहिली मुलाची

संपादकांनी विषय दिला होता ‘उन्हाळी शिबिरे’. शहरातल्या शिबिरांवर लिहिण्यासारखे फारसे उरलेले नाही, म्हणून मी डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो. एप्रिल होता आणि शाळेत ‘शाळापूर्व तयारी मेळावा’ भरला होता. जूनमध्ये पहिलीत जाणारी मुले रंगात बुडवलेल्या पावलांचे ठसे कागदावर उमटवत आत येत होती.

या मेळाव्याचा अधिकृत इतिहास छोटा आहे. कोरोनाकाळात अंगणवाड्या बंद राहिल्या आणि २०२२च्या जूनमध्ये पहिलीला येणाऱ्या मुलांनी बालवाडी पाहिलीच नव्हती. तेव्हा राज्य सरकारने ‘प्रथम’ संस्थेच्या साथीने ‘पहिले पाऊल’ अभियान सुरू केले. एप्रिलमध्ये एक मेळावा, शाळा उघडताना दुसरा, आणि दरम्यानच्या उन्हाळी सुट्टीत वस्तीवर आयांचे गट.

टेबले सात: नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी आयांशी बोलण्याचे. मी रेंगाळलो गणनाच्या टेबलापाशी. अंगणवाडी सेविकेने एका मुलापुढे खड्यांच्या दोन ढिगल्या ठेवल्या आणि जास्त कुठे, असे विचारले. आईच उत्तर देऊ लागली. “ताई, तुम्ही नाही, त्याला सांगू दे,” सेविका म्हणाली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मुलाने शेवटी मोठ्या ढिगलीवर हात ठेवला.

नोंद विकासपत्रात झाली. या साऱ्या खटाटोपात मला आवडले ते हे विकासपत्रच. त्यात नंबर नाही, गुण नाहीत. मुलाला आपले आपण काय जमते आणि कशाला मदत लागते, एवढेच. जूनच्या मेळाव्यात तेच पत्र पुन्हा भरायचे. दरम्यान डाळ-तांदूळ निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना आईने काय करून घ्यायचे, ते गटात ठरते. कृती मोबाइलवर येतात. म्हणजे मेळावा मुलाच्या नावाने भरतो, पण शिकवणी आईची असते. आणि तेच बरोबर आहे.

या कल्पनेची मुळे याच तालुक्यात आहेत, असे म्हणायचा मोह होतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली इथल्या बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला गेल्या. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडणार नव्हती. त्यांनी बिया, पाने, शिंपले घेतले. मुले शाळेत येईनात, तर शाळा पाड्यातल्या अंगणात नेली.

आजची अडचणही तीच आहे, मुले येत नाहीत. एप्रिलमध्ये इथली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर असतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहिला मेळावा हुकतो, आयांचे गटही हुकतात; मूल थेट जूनमध्ये उगवते आणि त्याचे विकासपत्र कोरे असते. गावात राहिलेल्यांचीही गोष्ट सोपी नाही. घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामावर जातो, कृती संध्याकाळी पोहोचतात. मुलाची बोली वारली, टेबलावरचे प्रश्न प्रमाण मराठीत. गप्प बसलेल्या मुलाला येत नाही की कळत नाही, हे ओळखायला त्या सेविकेसारखे थांबता यावे लागते. तिच्यावर पोषण आहाराचे, लसीकरणाचे आणि नोंदवह्यांचे काम आधीपासून आहेच.

मेळावा शाळेतच कशाला भरायला हवा? डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या मुलांसाठी एप्रिलचा मेळावा वीटभट्टीवर भरवावा. सात टेबले, खडे आणि एक सेविका, एवढेच न्यायचे आहे. शिक्षण विभागाने येत्या एप्रिलपासून ते करावे.