ख्रिस्ती माणसाला नास्तिकाचं सोंग वठवता येईल? आणि नास्तिकाला ख्रिस्ती माणसाचं?

देव आहे की नाही, यावर फेसबुकवर वाद पेटला की दोन वाक्यं हमखास वाचायला मिळतात.

पहिलं नास्तिकाला उद्देशून असतं, "तुझ्या आयुष्यात काहीतरी वाईट घडलं असणार, म्हणून तू देवावर चिडलायस." दुसरं नास्तिकाकडून येतं, "तुम्ही नरकाच्या भीतीनं चांगलं वागता, मी भीतीशिवाय वागतो."

दोन्ही वाक्यांना भरपूर लाइक मिळतात. गंमत अशी की ज्याच्याबद्दल ती लिहिली जातात, तो माणूस वाचून म्हणतो, "अहो, मी असं मानतच नाही!" मग वाद नक्की कोणाशी चाललेला असतो?

हे मोजायची एक भन्नाट पद्धत आहे. तिचं मूळ कॉम्प्युटरमध्ये आहे.

१९५० साली ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञानं एक खेळ सुचवला. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र. लेखी प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून माणूस कोण ते ओळखायचं. ओळखता आलं नाही, तर यंत्र जिंकलं. २०११ मध्ये ब्रायन कॅपलान या अमेरिकन अर्थतज्ञानं हाच खेळ विचारसरणीला लावला. विरोधकाचं म्हणणं तुम्हाला खरंच कळलं असेल, तर त्याच्यासारखं लिहून दाखवा. त्याच्याच गोटातल्या लोकांना तुम्ही उपरे आहात हे ओळखू आलं नाही, तर पास.

त्याच वर्षी लिआ लिब्रेस्को या तरुण अमेरिकन लेखिकेनं हा खेळ ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्यात लावून दिला. ती स्वतः तेव्हा नास्तिक होती. प्रत्येकानं दोनदा उत्तरं लिहायची, एकदा स्वतः म्हणून आणि एकदा समोरचा म्हणून. मग वाचकांनी खरा कोण, सोंगाड्या कोण, यावर मत द्यायचं. प्रश्न साधारण असे: तुमच्या श्रद्धेचं किंवा अश्रद्धेचं सगळ्यात भक्कम कारण कोणतं? काय घडलं तर तुम्ही मत बदलाल?

दुसरा प्रश्न जास्त अवघड. पहिल्याचं उत्तर पाठ करून देता येतं. पण काय घडलं तर आपण डगमगू, हे आतल्या माणसालाच माहीत असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ परीक्षा घ्या की, कोणाला किती माहिती आहे. तेही झालंय.

२०१० मध्ये प्यू रिसर्च सेंटरनं अमेरिकेत ३,४१२ लोकांना धर्मांविषयी ३२ प्रश्न विचारले. सरासरी माणसाची १६ उत्तरं बरोबर आली. नास्तिक आणि अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं म्हणणारे) यांची सरासरी होती २०.९, म्हणजे सगळ्यात जास्त! त्यांच्या पाठोपाठ ज्यू आणि मॉर्मन. पवित्र प्रसादातली भाकर आणि द्राक्षारस हे येशूचं शरीर आणि रक्त बनतात, ही आपल्याच चर्चची शिकवण ४५ टक्के कॅथलिकांना माहीत नव्हती. निम्म्याहून जास्त प्रोटेस्टंटांना आपल्या पंथाची चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं नाव सांगता आलं नाही.

ही बातमी आली तेव्हा नास्तिकांनी कॉलर ताठ केली. पण निकाल नीट वाचला तर दुसरी बाजूही दिसते. फक्त बायबल आणि ख्रिस्ती धर्मावरचे १२ प्रश्न घेतले, तर मॉर्मन (७.९) आणि गोरे इव्हँजेलिकल (७.३) पुढे होते, नास्तिक ६.७ वर. नास्तिकांची आघाडी आली ती मुख्यतः इतर धर्मांवरच्या प्रश्नांमुळे.

आणि मुळात माहिती वेगळी, समज वेगळी. क्रिकेटचे सगळे आकडे तोंडपाठ असले म्हणून पहिल्या चेंडूला सामोरं जाताना पोटात येणारा गोळा कळत नाही.

अमेरिकेतले बरेच नास्तिक ख्रिस्ती घरातच वाढलेत, त्यामुळे त्यांना वाटतं की तो धर्म आपण आतून पाहिलाय. पण पंधराव्या वर्षी चर्च सोडलेल्याच्या डोक्यात धर्मही बहुतेकदा पंधरा वर्षांच्या मुलाला समजलेलाच राहतो, असं माझं मत आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ते नरकाच्या भीतीचं वाक्य. चांगलं वागा, स्वर्ग मिळवा, असा हिशेब ख्रिस्ती धर्मात आहे असं बहुतेकांना वाटतं. आपल्याकडे तर पाप-पुण्याच्या खातेवहीची सवय असल्यानं ते पटकन पटतं. ल्यूथरचं भांडण नेमकं या हिशेबाशी होतं. त्याच्या मते तारण सत्कर्मांनी कमावता येत नाही. ते देवाच्या कृपेनं फुकट मिळतं, माणसानं फक्त विश्वास ठेवायचा. १९९९ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि तारणाचं मूळ कृपेत आहे यावर एकमत नोंदवलं. हे माहीत नसलेला सोंगाड्या 'मी नरकाच्या भीतीनं चर्चला जातो' असं लिहिणार आणि चर्चमधल्या मुरलेल्या माणसाच्या हातात अलगद सापडणार. अर्थात भीती दाखवणारे प्रवचनकारही आहेतच, त्यामुळे नास्तिकाचा हा समज अगदी हवेतून आलेला नाही.

दुसरी अडचण 'श्रद्धा' या शब्दाची. नास्तिक तिचा अर्थ लावतो, पुराव्याशिवाय मानणं. मराठी बायबलमध्ये मात्र शब्द आहे 'विश्वास'. बायकोवर, मित्रावर टाकतो तसा. ख्रिस्ती माणूस बहुधा याच अर्थानं बोलत असतो. तो विश्वास योग्य जागी आहे का, हा वाद आहेच, पण तो वेगळा वाद झाला.

आता उलटी बाजू.

ख्रिस्ती माणसाला नास्तिक समजतो तो बहुतेकदा 'देव नाही याची शंभर टक्के खात्री असलेला' म्हणून. रिचर्ड डॉकिन्सपेक्षा कट्टर नास्तिक कोण सापडणार? त्यानं २००६ च्या 'द गॉड डिल्यूजन' या पुस्तकात १ ते ७ अशी मोजपट्टी दिली, ७ म्हणजे देव नाहीच अशी पूर्ण खात्री. स्वतःला त्यानं ६ वर ठेवलं! बरेच नास्तिक 'देव नाही' असं सिद्ध करायला निघालेले नसतात. 'मला पटेल असा पुरावा मिळाला नाही', एवढंच त्यांचं म्हणणं असतं. आणि जो आहे असं वाटतच नाही, त्याच्यावर चिडणार कसं?

आपल्या भाषेनं यात आणखी गोंधळ घातलाय. जुन्या दर्शनशास्त्रात नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे, तर वेदांचं प्रामाण्य न मानणारा. म्हणून बौद्ध आणि जैन नास्तिक, तर जगाच्या निर्मितीसाठी ईश्वराची गरज न मानणारे मीमांसक आस्तिक. त्या व्याख्येनं ख्रिस्ती माणूसही नास्तिकच ठरतो.

सगळ्यात खोल गैरसमज मात्र नीतीचा आहे. २०१७ मध्ये विल जर्वेस आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या ३ हजारांहून जास्त लोकांवर एक प्रयोग केला. त्यात भारतही होता. लहानपणी प्राण्यांचे हाल करणाऱ्या आणि पुढे बेघर लोकांचे खून करणाऱ्या माणसाचं वर्णन दिलं आणि विचारलं, जास्त शक्यता कशाची, तो शिक्षक असण्याची की शिक्षक आणि नास्तिक असण्याची? दुसऱ्या गटाला 'नास्तिक'च्या जागी 'धार्मिक' दिलं. तर्कानं पाहिलं तर नुसता शिक्षक असण्याची शक्यता कधीच कमी असू शकत नाही. तरी लोक चुकले आणि खुन्याला 'नास्तिक' ठरवण्याची चूक 'धार्मिक'च्या साधारण दुप्पट निघाली. स्वतः नास्तिक असलेल्यांनीही तीच चूक केली!

म्हणजे माणूस स्वतःच्या गोटाबद्दलसुद्धा समोरच्याचा गैरसमज उचलून बसलेला असतो.

त्या लिब्रेस्कोचं पुढे काय झालं? जून २०१२ मध्ये तिनं जाहीर केलं की ती कॅथलिक होतेय. नैतिक नियम माणसानं बनवलेले नाहीत, ते खरोखर अस्तित्वात आहेत असं तिला आधीपासून वाटत होतं आणि नास्तिकतेत राहून त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण तिला सापडेना. उलट दिशेला गेलेले बार्ट अर्मन आहेत. नव्या कराराचे हे अमेरिकन अभ्यासक तरुणपणी इव्हँजेलिकल होते. जगात इतकं दुःख का, या प्रश्नाचं उत्तर श्रद्धेत मिळेना म्हणून त्यांनी ती सोडली.

दोघांपैकी कोणीही नरकाला घाबरून किंवा देवावर चिडून बाजू बदलली नाही.