ऋतुमान आणि मज्जातंतूंचा एक विकार

वैशाखांत दुपारीं चालतांना पाय अडखळणारा माणूस सायंकाळीं नीट चालूं लागला, कीं घरच्यांस तो आळस वा ढोंग वाटतें. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्यांच्या वांट्यास हा गैरसमज वारंवार येतो. या विकारांत शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व पृष्ठरज्जूंतील तंतूंचें वेष्टण नष्ट करते. अशा तंतूंतून संदेश आधींच कष्टानें जातो. शरीराचें तापमान अर्धा अंश वाढलें तरी तो अडूं शकतो. श्रमानंतर दृष्टि अंधुक होण्याचा हा प्रकार जर्मन नेत्रवैद्य ऊथोफ यांनीं १८९० मध्यें वर्णिला.

लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच. म्हणून तेथील हवा अशा रोग्यास मानवेल असें वाटतें. परंतु मावळांत आषाढ-श्रावणांत हवा इतकी दमट असते, कीं घाम वाळत नाहीं व श्रमाची उष्णता अंगांतच कोंडते. उलट पौषांतल्या पहाटे कित्येकांचे स्नायु गारठ्यानें ताठरतात.

उष्णतेनें वाढलेला त्रास थंडावा मिळतांच बहुधा ओसरतो. तंतूंस नवी इजा होत नाहीं. म्हणून कामें सकाळीं उरकावीं, कढत पाण्याचें स्नान टाळावें, मानेवर ओला पंचा ठेवावा. मात्र नवें लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकलें किंवा ताप आला, तर ऋतूस दोष न देतां डॉक्टरांस गांठावें.