अल्पभारावरील धारारोहित्रांची मापन-अचूकता

परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची पेठ होय. तेथील सरकी काढणारे व गाठी बांधणारे कारखाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात. पुढील कित्येक महिने त्यांत चार दिवे व एखादा पंप एवढेच काय ते चालू असते. मापनाची सामग्री मात्र हंगामाच्या मानाने बसविलेली असते.

मोठा प्रवाह थेट मीटरमधून नेणे सोयीचे नसते. म्हणून धारारोहित्र, ज्यास कामगार ‘सीटी’ म्हणतात, तो ठराविक प्रमाणात लहान करून देते. परंतु गाभा चुंबकित करण्यात प्राथमिक प्रवाहाचा काही अंश खर्ची पडतो व तो दुय्यम वेटोळ्यात उतरत नाही. पूर्ण भारावर हा अंश नगण्य असतो. प्रवाह अगदी लहान झाला म्हणजे गाभ्याची पार्यता उतरते, चुंबकनाचा वाटा प्रमाणाने वाढतो आणि त्याबरोबर चूकही.

0.5 वर्गाच्या रोहित्रास पूर्ण प्रवाहावर 0.5, 20 टक्क्यांवर 0.75 आणि 5 टक्क्यांवर 1.5 टक्के चूक क्षम्य आहे. त्याखाली कसलीच हमी नाही. समजा, 200/5 प्रमाणाच्या रोहित्रातून 4 अँपिअर वाहत आहेत. हे झाले 2 टक्के, म्हणजे हमीच्या बाहेर. ‘0.5 एस’ वर्गाची मर्यादा 1 टक्क्यापर्यंत खाली जाते. हंगामी ग्राहकास तोच योग्य.

प्रमाणातील चुकीने नोंद बहुधा कमी होते; कलाकोनाची चूक उलट दिशेने काम करते. 0.5 वर्गात 5 टक्के प्रवाहावर ती 90 मिनिटांपर्यंत चालते. शक्तिगुणक पश्चगामी व 0.5 असेल, तर एवढ्याने नोंद सुमारे 4.5 टक्के फुगते, आणि ती ग्राहकाच्या माथी बसते. रिकाम्या फिरणाऱ्या मोटारीचा शक्तिगुणक हलकाच असतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

‘कमी भार’ हा शब्दप्रयोगही येथे फसवा आहे. प्राथमिक बाजूचा ‘लोड’ आणि दुय्यम बाजूस जोडलेल्या मीटर व तारांचा ‘बर्डन’ या दोहोंस मराठीत ‘भार’च म्हणतात. दुसऱ्यास ‘ओझे’ म्हणावे हे बरे. वरील मर्यादा हे ओझे निर्धारित मूल्याच्या 25 ते 100 टक्के असतानाच लागू होतात. आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरचे ओझे इतके हलके असते की, जुन्या, जड ओझ्यासाठी घडविलेल्या रोहित्रावर ते पुष्कळदा 25 टक्केही भरत नाही.