संगणक तारपा कसा ‘ऐकतो’?

संगणक गाण्याचा अभ्यास कसा करतो, हे नवशिक्यांना समजावताना गणिताने सुरुवात करू नये. आधी आवाजाचे चित्र दाखवावे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. मायक्रोफोन त्यांची विजेची लहर करतो आणि संगणक त्या लहरीची उंची पुन्हापुन्हा मोजतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात. मग या आकड्यांचे अगदी लहान तुकडे पाडून प्रत्येकात कोणती कंपने किती जोरात आहेत, ते संगणक शोधतो. ही रीत फ्रेंच गणिती फूरिए (१७६८-१८३०) यांच्या विचारावर उभी आहे.

यातून तयार होणाऱ्या चित्रात डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, तर खालून वर स्वर चढतो. पालघर भागातील वारली वादक श्वास न तोडता तारपा वाजवतो. त्याचा सूर लांब आडव्या रेषांत दिसतो. ढोलाचा ठोका उभ्या रेषेसारखा उमटतो.

येथेच एक सावधगिरी शिकवावी. पुष्कळ संगीत-सॉफ्टवेअर पियानोप्रमाणे सप्तकाचे बारा सारखे भाग गृहीत धरतात. दुधी भोपळा आणि बांबू यांपासून हाताने घडवलेल्या तारप्याचे स्वर त्यांत नेमके बसतीलच असे नाही. मग सॉफ्टवेअर त्यांना जवळच्या स्वरावर ढकलते आणि मूळचा सूर हरवतो. म्हणून पहिले ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे आणि सूर बरोबर लागला का, हे पाड्यावरील जाणत्या वादकालाच विचारावे.