कंसांतील मृत्यु

जुन्या कादंबरींत नायिकेचा मृत्यु हा मोठा प्रसंग मानीत. १८४१ सालीं छोट्या नेलच्या अंतासाठीं डिकन्सनें पानेंच्या पानें खर्चिलीं आणि असंख्य वाचक हळहळले.

व्हर्जिनिया वुल्फ यांनीं ‘टु द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरींत ही रीत मोडली. पहिल्या भागांत अवघी एक दुपार व संध्याकाळ आहे. घडतें थोडें, परंतु पात्रांच्या मनांतील विचारांचा ओघ अखंड वाहतो. मधल्या भागांत १० वर्षें लोटतात. ओसाड घर, धूळ व वारा यांचें वर्णन विस्तारानें येतें. रॅम्सेबाईंचा मृत्यु मात्र कंसांतील एका वाक्यांत उरकतो!

ही निष्ठुरता आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १८९५ सालीं लेखिकेची आई वारली, तेव्हां लेखिका १३ वर्षांची होती. माणूस क्षणांत जातें. त्याची उणीव वर्षानुवर्षें भासते. शेवटच्या भागांत लिली ही चित्रकर्ती चित्र काढतां काढतां रॅम्सेबाईंना हांक मारते आणि उत्तर येत नाहीं. तेथें तो मृत्यु आपणांस खरा कळतो.

विद्यार्थिमित्रहो, अशी कादंबरी वाचतांना पुढें काय झालें यापेक्षां मनांत काय उरलें हें पाहावें, म्हणजे तिची वाट सांपडते.